गाडीच्या मागे सायकल : अंतर ठेवा, हाडं वाचवा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीतली नववीतली एक मुलगी सकाळी सायकलने शाळेत निघाली आणि तासाभरात हाताला कच्चं प्लास्टर घालून घरी आली. मनगटाचं हाड मोडलं होतं, पुढच्या दाताचा तुकडा पडला होता. आम्ही संध्याकाळी भेटायला गेलो तेव्हा ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती, "मले दिसलंच नाही, तो एकदम थांबला."

'तो' म्हणजे तिच्या पुढे चाललेला छोटा टेम्पो. शाळेला उशीर झाला होता, म्हणून ती त्याच्या मागे अगदी चिकटून चालली होती. टेम्पोच्या पुढे कुत्रं आडवं आलं, त्याने ब्रेक दाबला, आणि ही थेट त्याच्या मागच्या फळीवर आदळली. टेम्पोवाला वाईट नव्हता, मुलगीही बेफाम नव्हती. दोघांच्या मध्ये जागा नव्हती, एवढंच.

त्या घराला हे किती महागात पडलं ते वस्तीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. आई चार घरी धुणीभांडी करते. दवाखान्याच्या चकरांत तिचे दिवस बुडाले. मुलीची चाचणी परीक्षा बुडाली, कारण मोडलेला हात उजवा होता. आणि आजीने तर फैसलाच दिला, "ते सायकल इकून टाका. पोरीनं घरीच राहावं."

हे शेवटचं वाक्य ऐकून आम्ही हा लेख लिहायला बसलो. आपल्या वस्त्यांत सायकल ही हौस नाही. आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सरकारी योजनेतून सायकल मिळते ती शाळा सुटू नये म्हणून. पहाटे पेपर टाकणारा मुलगा, दुधाच्या कॅन नेणारा, हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा कामगार, रात्रपाळी करून परतणारा वॉचमन, या सगळ्यांची रोजी सायकलवर चालते. ती विकून टाकणं हा उपाय नव्हे. पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं हे शिकणं हा उपाय आहे. ते शिकायला पैसा लागत नाही आणि शाळाही लागत नाही.

गाडी लवकर थांबते, सायकल उशिरा

पुष्कळांना वाटतं की सायकल हलकी, म्हणून ती चटकन थांबेल. प्रत्यक्षात उलटं आहे. मोटारीला चार रुंद टायर असतात. ब्रेक तेलाच्या दाबाने चालतो, आणि नव्या गाड्यांत जोरात ब्रेक दाबला तरी चाक घसरू नये अशी सोय असते. आपल्या सायकलला बोटभर रुंदीचे दोन टायर आणि रिमला घासणारे रबराचे चार तुकडे. शिवाय सायकलस्वार उंच बसलेला असतो. पुढचा ब्रेक फार जोरात आवळला तर मागचं चाक उचलतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून दोन्ही वाहनं सारख्याच वेगाने चालली असली तरी मोटार आधी थांबते, सायकल नंतर.

दुसरी गोष्ट डोळ्यांची आणि हाताची. पुढच्या गाडीचा लाल दिवा लागला हे डोळ्याने पाहणं, मनाने ओळखणं, बोटांनी ब्रेक आवळणं, एवढ्याला लक्ष देऊन चालणाऱ्या माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. थकलेला, झोप अपुरी झालेला, कानात गाणी घातलेला किंवा प्यालेला माणूस त्याहून जास्त वेळ घेतो. त्या एका सेकंदात सायकल थांबत नाही, आहे त्याच वेगाने पुढे जात राहते.

आता हिशोब करू. शाळेतली मुलं हा हिशोब वहीत मांडून पाहू शकतात. ताशी १५ किलोमीटर, म्हणजे आरामात चालवलेली सायकल, एका सेकंदात ४ मीटरहून थोडी जास्त जाते. ताशी २० किलोमीटरला साडेपाच मीटर जाते. ताशी २५ किलोमीटरला, म्हणजे घाईत किंवा उड्डाणपुलाच्या उतारावर, जवळजवळ ७ मीटर जाते. हे झालं ब्रेक आवळण्याच्या आधीचं अंतर. त्यानंतर ब्रेक लागल्यावर सायकल घासत थांबते ते अंतर वेगळं. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक आणि दोन्ही ब्रेक मिळून वापरले तर ताशी १५ ला सुमारे २ मीटर, ताशी २० ला ४ मीटर आणि ताशी २५ ला ६ मीटर धरा.

दोन्ही मिळवा. ताशी १५ ला सहा-साडेसहा मीटर, ताशी २० ला साडेनऊ मीटर, ताशी २५ ला १३ मीटर. आपली साधी सायकल पावणेदोन ते दोन मीटर लांब असते. म्हणजे ताशी २० च्या वेगात थांबायला एकामागे एक लावलेल्या पाच सायकलींएवढी जागा लागते. त्या मुलीच्या आणि टेम्पोच्या मध्ये एकाही सायकलीची जागा नव्हती. तिला दिसलं असतं तरी ती थांबू शकली नसती.

एक गोष्ट मनात पक्की करा. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. म्हणून उशीर झाला की जोरात पायडल मारून पुढच्या गाडीला चिकटायचं, ही सवय सगळ्यात धोक्याची.

मीटर मोजायचे कसे? सेकंद मोजा

चालत्या सायकलवर कोण मीटर मोजणार? म्हणून जगभर वाहन चालवणाऱ्यांना एक सोपी युक्ती शिकवतात, दोन सेकंदांची. ती अशी :

१. पुढे चाललेल्या गाडीकडे बघा. ती रस्त्याकडेच्या एखाद्या ठरावीक खुणेपाशी पोचू द्या. विजेचा खांब, झाड, पाटी, रस्त्यावरचा डाग, काहीही चालेल.

२. गाडीचा मागचा भाग त्या खुणेपासून पुढे सरकला की मनात सावकाश म्हणा, "एक हजार एक, एक हजार दोन." एवढं म्हणायला साधारण दोन सेकंद लागतात.

३. वाक्य पुरं होण्याच्या आधीच तुमचं पुढचं चाक त्या खुणेपाशी पोचलं, तर तुम्ही फार जवळ आहात. पायडल थांबवा, सायकल आपोआप मागे पडेल.

४. वाक्य पुरं झाल्यावर पोचलात तर अंतर ठीक आहे.

या युक्तीची गंमत अशी की वेगाप्रमाणे अंतर आपोआप बदलतं. ताशी २० किलोमीटरला दोन सेकंद म्हणजे ११ मीटर. बाजारातल्या गर्दीत ताशी ८ किलोमीटरने सरकत असाल तर तेच दोन सेकंद म्हणजे साडेचार मीटर, अडीच सायकली. वर काढलेल्या थांबण्याच्या अंतराशी ताडून पाहा. चांगल्या ब्रेकच्या सायकलला कोरड्या रस्त्यावर दोन सेकंद पुरतात. पुढची गाडी भिंतीसारखी जागच्या जागी थांबली तरीही पुरतात.

पण सगळ्यांची सायकल नवी नसते आणि रस्ता नेहमी कोरडा नसतो. म्हणून :

– ब्रेकचे रबर झिजलेले, सायकल जुनी, कॅरिअरवर माणूस किंवा ओझं असेल तर तीन सेकंद.

– पाऊस, ओला रस्ता, चिखल, सांडलेलं ऑइल, वाळू किंवा बारीक गिट्टी असेल तर चार सेकंद.

– अंधार, पहाटेचं धुकं किंवा डोळ्यांवर येणारं ऊन असेल तर तेही चार सेकंद.

मोजण्याची सवय लागेपर्यंत मोठ्याने मोजा. कोणी हसलं तर हसू द्या.

पावसात स्टीलची रिम दगा देते

आपल्याकडच्या काळ्या, दणकट सायकलींना चमकणारी स्टीलची रिम असते. ती मजबूत असते, पण ओली झाली की तिच्यावर रबर धरत नाही, नुसतं सरकतं. आधी पाणी पुसलं जायला चाकाचे काही फेरे जावे लागतात, आणि तोवर सायकल जवळजवळ तशीच पुढे जाते. पावसात "ब्रेक मारला पण लागलाच नाही" असं जे आपण ऐकतो, त्याचं कारण हे. पुष्कळ नव्या सायकलींची रिम ॲल्युमिनियमची असते. तिच्यावर ब्रेक बरा धरतो, तरी कोरड्यासारखा नाही.

यावर उपाय एकच. पावसात चौक, गतिरोधक किंवा थांबा जवळ येताना बऱ्याच आधीपासून दोन्ही ब्रेक हलकेच टेकवून ठेवा. रिम पुसली जाईल आणि गरज पडेल तेव्हा ब्रेक धरेल. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि रेल्वेचे रूळ पावसात साबणासारखे होतात. त्यांच्यावर ब्रेक दाबू नका आणि वळूही नका.

दोन्ही ब्रेक, दोन्ही हात

आपल्यापैकी किती जण फक्त मागचा ब्रेक वापरतात? पुष्कळ. "पुढचा दाबला की माणूस उलटतो" असं लहानपणी शिकवलेलं असतं. पण फक्त मागच्या ब्रेकने थांबायला जवळजवळ दुप्पट जागा लागते. ब्रेक मारल्यावर वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं आणि नुसतं घसरत जातं. योग्य पद्धत अशी : दोन्ही मुठी एकाच वेळी, आधी हलक्या मग जोरात, आवळत न्यायच्या. अंग थोडं मागे, हात ताठ, बूड सीटवर टेकलेलं. पुढचा ब्रेक झटक्याने आवळायचा नाही. आणि मध्ये अंतर असेल तर झटका द्यायची वेळच येत नाही.

दर रविवारी पाच मिनिटं काढून एवढं बघा :

– ब्रेकची मूठ पूर्ण आवळल्यावर हँडलला टेकते का? टेकत असेल तर वायर सैल आहे, आवळून घ्या. दांड्याचे ब्रेक असतील तर दांडीचा नट तपासा.

– रबर इतके झिजलेत का, की त्यावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या? बदला. रबराची जोडी स्वस्त येते, प्लास्टर महाग पडतं.

– रिमवर तेल किंवा ग्रीस लागलंय का? चेनला तेल देताना ते उडतं. कोरड्या फडक्याने पुसा.

– सायकल ढकलत चालवा आणि फक्त पुढचा ब्रेक दाबा, मग फक्त मागचा. दोन्ही चाकं थांबली पाहिजेत. कोणती मूठ कोणत्या चाकाची हेही घरातल्या प्रत्येकाला कळेल.

– हवा कमी असेल तर भरा. मागचा लाल रिफ्लेक्टर तुटला असेल तर नवा लावा.

पुढे कोण आहे, ते ओळखा

सगळ्या गाड्या सारख्या नसतात. पुढची गाडी ओळखून अंतर कमी-जास्त करावं लागतं.

ऑटोरिक्षा. शेअर ऑटोवाला सवारीसाठी कुठेही थांबतो. त्याच्या ब्रेकच्या दिव्याकडे बघत बसू नका, रस्त्याच्या कडेला बघा. कडेला कोणी हात वर केला की समजा, ऑटो थांबणार. त्याच्या मागे आणि डाव्या बाजूला मुळीच राहू नका. थांबल्याबरोबर सवारी डावीकडे उतरते.

सिटी बस आणि एसटी. बस थांब्याकडे वळताना डावीकडे दाबते. तिच्या आणि फुटपाथच्या मध्ये सायकल घालणं म्हणजे स्वतःला चरकात घालणं. बस थांबली तर तुम्हीही मागे थांबा. दोन मिनिटं जातील, जाऊ द्या.

ट्रक, कंटेनर, पाण्याचा टँकर. यांच्या मागून पुढचं काहीच दिसत नाही आणि चालकालाही तुम्ही दिसत नाही. साधी खूण लक्षात ठेवा : तुम्हाला त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. मोठी गाडी डावीकडे वळताना तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतल्या बाजूने कापत येतात. म्हणून चौकात मोठ्या गाडीच्या डाव्या अंगाला कधीच थांबू नका, मागे थांबा.

सळ्या, पाइप किंवा बांबू नेणारी गाडी. बांधकामाच्या लोखंडी सळ्या टेम्पोच्या मागे वाकून लोंबतात. दुपारच्या उन्हात किंवा रात्री त्यांचं टोक दिसत नाही, आणि ते नेमकं सायकलवाल्याच्या छातीच्या आणि तोंडाच्या उंचीवर येतं. इथे अंतर गाडीपासून नाही, सळीच्या टोकापासून मोजा. तेही चार सेकंद. शक्य असेल तर थांबून ती गाडी पुढे जाऊ द्या.

ट्रॅक्टर-ट्रॉली, हातगाडी, जुना टेम्पो. यांचे मागचे दिवे अनेकदा लागतच नाहीत. दिवा लागला नाही म्हणजे गाडी थांबणार नाही, असं समजू नका.

मोटार. लहान मोटारीच्या काचेतून किंवा छतावरून पुढचा रस्ता थोडाफार दिसतो. तो बघत राहा. तिच्या पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले की लगेच पायडल थांबवा. काळ्या काचांची किंवा उंच गाडी असेल तर ती ट्रकसारखीच धरा.

उभी मोटार हीसुद्धा पुढची गाडीच आहे. तिचं दार कधी उघडेल सांगता येत नाही. बाजूने जाताना हात लांब केला तरी दाराला लागणार नाही, निदान एवढी, मीटरभर जागा सोडा.

जवळ चालल्याने आणखी काय बिघडतं?

अंतराचा फायदा फक्त धडक टाळण्यापुरता नाही.

पहिला फायदा खड्ड्यांचा. गाडीला चिकटून चाललात की खड्डा किंवा उघडं गटार तिच्या पोटाखालून एकदम तुमच्या चाकासमोर येतं. मोटार खड्ड्यावरून चाकं दोन बाजूंना ठेवून निघून जाते, सायकल त्यातच पडते. दहा मीटर मागे असलात तर खड्डा आधी दिसतो.

दुसरा फायदा छातीचा. सायकलवाला पायडल मारताना बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतो. तोंड धुराच्या नळीच्या मागे असेल तर डिझेलचा काळा धूर थेट फुप्फुसात जातो. जितके मागे राहाल तितका तो धूर पसरून विरळ होतो. दमा असलेल्या मुलांना आणि सतत खोकला असलेल्या माणसांना हा फरक जाणवतो. सिग्नललाही गाडीच्या नळीच्या अगदी मागे उभे राहू नका.

तिसरा फायदा मागून येणाऱ्या गाडीचा. पुढे जागा असली की तुम्ही सावकाश थांबता, आणि तुमच्या मागच्यालाही थांबायला वेळ मिळतो. पुढे जागा नसली की तुम्ही गचकन थांबता आणि मागचा तुमच्यावर येतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

"अंतर ठेवलं की मध्ये दुसरा घुसतो, मग काय करायचं?"

घुसू द्या. पायडल थांबवा आणि त्याच्या मागे पुन्हा दोन सेकंद मोजा. शाळेपर्यंत दहा जण घुसले तरी तुमचा मिनिटभर वेळ जाईल. त्या मिनिटासाठी दीड महिना प्लास्टरमध्ये काढायचा का?

"अचानक अडथळा आला तर बाजूने काढता येत नाही का?"

जागा मोकळी असेल तर येतं. पण मागे न बघता उजवीकडे हँडल मारलं तर मागून येणारी मोटारसायकल अंगावर येते. आधी ब्रेक, मग मान वळवून बघणं, मग वळणं, हा क्रम. म्हणूनच गाडीच्या बरोबर मधोमध न चालता तिच्या डाव्या चाकाच्या रेषेत, पण पुरेसं मागे चाला. तिथून पुढचा रस्ताही दिसतो आणि डावीकडे निघायला वाटही राहते.

"ट्रॉलीला हात धरून गेलं तर दम लागत नाही."

मुलं हे करतात, आम्हीही लहानपणी केलं आहे. पण तेव्हा एक हात ट्रॉलीला असतो, म्हणजे एक ब्रेक गेला. अंतर शून्य आणि चाक शेजारी. घरात हे कळलं तर मारू नका, पण समजावून बंद करा.

"सिग्नलला थांबताना किती अंतर ठेवायचं?"

पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसतील इतकं. गाडी चढावर मागे सरकली किंवा बंद पडली तर हँडल वळवून बाजूला निघता येतं.

"कायदा काय म्हणतो?"

मोटार वाहन चालवण्याबाबतचे २०१७ चे विनियम मोटारचालकाला पुढच्या वाहनापासून पुरेसं अंतर ठेवायला सांगतात. मोटारवाल्याला जे सुरक्षित, ते सायकलवाल्याला दुप्पट गरजेचं. त्याच्याभोवती पत्रा असतो, आपल्याभोवती फक्त कपडे.

धडक झालीच तर

आधी रस्त्यातून बाजूला व्हा किंवा जखमीच्या मागे कोणीतरी उभं राहून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवा. मग पुढीलप्रमाणे करा.

– माणूस बेशुद्ध असेल, मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील तर त्याला ओढू नका, बसवू नका. १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे.

– रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. सारखं उघडून बघू नका. हळद, चुना, चहापत्ती किंवा माती लावू नका.

– हाताचं हाड मोडल्यासारखं वाटत असेल तर ओढणीची झोळी करून हात छातीशी बांधा. एक्स-रे काढण्याआधी मालीश करून घेऊ नका. सायकलवरून पडताना माणूस हात पुढे टेकवतो, म्हणून मनगट आणि खांद्याजवळचं हाड मोडणं नेहमीचं आहे.

– अख्खा दात पडला असेल तर तो मुळाला हात न लावता उचला, दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दाताच्या डॉक्टरकडे न्या. दुधाचा दात नसेल तर तो पुन्हा बसवता येण्याची शक्यता असते.

– डोक्याला मार लागला असेल तर पुढचा एक दिवस लक्ष ठेवा. उलट्या, वाढतं डोकं दुखणं, गुंगी, असंबद्ध बोलणं, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, यातलं काहीही दिसलं तर लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. "झोपू दे, बरं वाटेल" म्हणू नका.

– हँडलचं टोक पोटात बसलं असेल तर वरून फक्त लहानसा वळ दिसतो, पण आत यकृत किंवा प्लीहेला इजा झालेली असू शकते. मुलांच्या बाबतीत हे विशेष जपा. पोट दुखत राहिलं, कडक झालं, चेहरा पांढरा पडला, उलटी झाली तर थांबू नका.

– जखम रस्त्यावरची असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल दवाखान्यात विचारा.

अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती आता मनातून काढा. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे, त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळावेत, अशी केंद्राची योजना २०२५ मध्ये आली आहे. दवाखान्यात दाखल होताना तिची चौकशी जरूर करा. गाडीचा नंबर लिहून घ्या. घाबरून जागीच दोन-पाचशे रुपयांवर मिटवू नका, आतली दुखापत दुसऱ्या दिवशी कळते.

रविवारी पटांगणात

वाचून ब्रेक लागत नाही, सराव लागतो. आम्ही वस्तीत एक साधा खेळ सुरू केला आहे, तुम्हीही करून बघा. रविवारी सकाळी वंदना झाल्यावर विहाराच्या पटांगणात किंवा शाळेच्या मैदानात चुन्याने एक आडवी रेघ मारायची. मुलं एकेक करून नेहमीच्या वेगाने येतात. रेघेवर चाक आलं की एक जण शिटी वाजवतो. शिटी ऐकल्यावरच ब्रेक मारायचा. सायकल जिथे थांबेल तिथे वीट ठेवायची. पहिल्या दिवशी सगळे म्हणतात, "मी तर जागच्या जागी थांबतो." विटा पाहिल्यावर गप्प होतात. मग तीच रेघ बादलीभर पाणी ओतून ओल्या चाकाने करायची, नंतर कॅरिअरवर भावाला बसवून करायची. तिसऱ्या विटेपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं की दोन सेकंद, तीन सेकंद, चार सेकंद कशासाठी ते पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. मोठ्यांनीही एकदा करावं. आमच्यातल्या एका काकांच्या पुढच्या ब्रेकला रबरच नव्हतं, हे त्या दिवशी त्यांना कळलं.

त्या मुलीचं प्लास्टर दीड महिन्याने निघालं. मनगट सैल व्हायला आणखी काही आठवडे गेले. सायकल विकली नाही. सायकलवाल्या दादाने ब्रेकचे रबर बदलून दिले, तिच्या आईने मागे लाल रिफ्लेक्टर लावून घेतला, आणि पटांगणात चार रविवार तिने विटा मोजल्या. आता ती पुन्हा शाळेत सायकलने जाते. आजी अजून दारात उभी राहते आणि ओरडते, "मोजत जाय वं, मायं!" आणि ती मोजते.

तुमच्या घरातून उद्या सकाळी जो कोणी सायकल काढेल, त्याला एवढंच सांगा : पुढच्या गाडीने खांब ओलांडला की म्हण, एक हजार एक, एक हजार दोन. पावसात त्याच्या दुप्पट.